सोळा मुठी मीठ

सन दोन हजार चोवीस, एप्रिल महिना. गुढीपाडवा होऊन आठ दिवस झाले होते आणि कोल्हापुरात उन्हाळा असा पेटला होता की शिवाजी पेठेतील गच्च्यांवर पसरलेल्या मिरच्या दोन दिवसांत कुरकुरीत होत होत्या. वर्षाची कांदा-लसूण चटणी करून ठेवण्याचे हे दिवस. या दिवसांत पेठेतून जाणारा परका मनुष्य दर दहा पावलांना शिंकतो. पेठेतला मनुष्य शिंकत नाही. तो नुसत्या वासावरून कोणाच्या घरी मिरच्या भाजणे चालले आहे आणि कोणाच्या घरी कांदा, ते सांगतो. (हंबीरराव इंगवले पेठेतच जन्मले, वाढले आणि तरी शिंकत. ही गोष्ट ते सर्दीवर ढकलीत.)

हंबीरराव एका सहकारी संस्थेच्या कचेरीत चौतीस वर्षे नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. तरुणपणी तालमीत घुमलेले शरीर, पंजा असा की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हावा. परंतु या अवाढव्य देहात एक अत्यंत भाविक मन राहत होते, आणि त्या मनाचे दैवत दुपारी दीड वाजता दूरचित्रवाणीवर प्रकट होत असे. तिचे नाव निशिगंधा. ती स्वयंपाक करून दाखवीत असे.

दीड ते दोन या वेळेत घरात कुकर लावण्यास बंदी होती, कारण शिट्टी तिच्या शब्दावर पडे. पंखाही बंद, कारण तो कुरकुरे. हंबीरराव घाम पुसत, मांडीवर वही घेऊन बसत आणि तिच्या तोंडचे प्रत्येक वाक्य उतरवून घेत. अशा सात वह्या भरल्या होत्या. त्यांतली एकही कृती त्यांनी कधी करून पाहिली नव्हती. (दैवताचे चरित्र वाचायचे असते, त्याच्यासारखे वागण्याचा आगाऊपणा कोणी करीत नाही.)

आणि चरित्र तर त्यांना मुखोद्गत होते. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर ते कीर्तनकाराच्या सुरात सांगत, "पोर कबनूरची. बाप मागावर कामाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली की गल्लीतल्या चटणी कुटायच्या डंकावर बसायची. हलाखीच तशी! पण दिवस पालटले. विसाव्या वर्षी माग कामगारांची खानावळ काढली, ऐंशी ताटं एका वेळेला. मग पुण्याच्या मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागली आन् सहा वर्षांत त्याच हॉटेलची मुख्य आचारी झाली. हाताखाली अठरा बापय! त्यातनं टीव्ही. चौदा वर्षं झाली, अजून एक दिवस खाडा न्हाय."

"दादा," डंकवाला ज्ञानू म्हणे, "वैनींचा वाढदिवस कवा असतोय?"

हंबीरराव विचारात पडत. निशिगंधाताईंचा मात्र नऊ ऑगस्टला असे.

त्या एप्रिलात कार्यक्रमाच्या शेवटी निशिगंधाताईंनी प्रेक्षकांना आवाहन केले, की आपल्या घरची एखादी खास वस्तू पत्राने कळवा. निवडक घरी मी स्वतः येईन. हंबीररावांनी त्याच दुपारी कागद पुढे ओढला. आपल्या घरची वस्तू कोणती, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पत्नी अक्काताई यांच्या चटणीला पेठेत तोड नव्हती. परंतु चौतीस वर्षांची सवय वाईट. कचेरीत काम कोणीही केलेले असो, पत्र नेहमी हंबीररावांच्या सहीने जाई, आणि त्यातला कर्ताही सही करणाराच असे. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'सदरची चटणी निम्नस्वाक्षरीकार गेली अडतीस वर्षे स्वतः करीत आहे.' वाक्य त्यांना इतके आवडले की त्यांनी ते दोनदा वाचले आणि पत्र टपालात टाकले.

आठव्या दिवशी फोन आला. पलीकडून एक मुलगी विचारीत होती, "चटणी करणारे काका तुम्हीच ना? पुरुष माणूस इतकी वर्षं वर्षाची चटणी करतो, याचं ताईंना फार अप्रूप वाटलं. आम्ही दोन मेला सकाळी येतोय."

हंबीररावांनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांना आनंद आणि भीती एकदमच वाटली. ज्या मूर्तीपुढे आपण चौदा वर्षे पंखा बंद करून बसलो ती मूर्ती आपल्या उंबऱ्यात येणार! आणि आली की आपल्याला विचारणार, की चटणी कशी करता!

अक्काताई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मग करा की."

"अगं, तसं नव्हं..."

"अडतीस वर्षं करताय म्हनं. ह्या वर्षी काय हात दुखाय लागला?"

"लिवण्याच्या भरात झालं. पर आता त्या बाईपुढं मी खोटा पडू व्हय? तालमीत सगळ्यांस्नी सांगून बसलोय. माझी अब्रू तुझ्या हातात हाय बघ."

अक्काताईंना नवऱ्याच्या अब्रूपेक्षा वर्षाच्या चटणीची काळजी अधिक होती. त्यातून त्यांच्या माहेरी, बिद्रीला, त्याच आठवड्यात जत्रा होती आणि जाणे टळणारे नव्हते. त्यांनी तीन दिवस खपून चार किलो मिरच्यांचे देठ काढले, मिरच्या तेलाचा हात लावून भाजल्या, कांदा चिरून उन्हात वाळवून तळला, लसूण सोलला, खोबरे, तीळ, धणे निरनिराळे भाजून सात गाठोडी बांधली. उरले होते ते एवढेच, की सर्व डंकावर नेऊन कुटून आणणे आणि कुटताना मीठ घालणे. तेही त्यांनी कागदावर लिहून दिले. शेवटच्या ओळीत होते : 'किलोला चार मुठी खडे मीठ.'

"म्हंजे सोळा मुठी," हंबीरराव म्हणाले.

"व्हय. कळलं का काय न्हाय?"

"चौतीस वर्षं कागदावर काढलीत मी. कागदात हाय ते हुईल. तू खुशाल जा."

अक्काताई गेल्या आणि हंबीरराव सात गाठोडी घेऊन ज्ञानूच्या डंकावर हजर झाले. डंक म्हणजे चटणी कुटण्याचे यंत्र. लोखंडी मुसळे एकामागून एक उखळात आदळत असतात, आणि ती चालू असताना शेजारी बसून, हाताने मसाला सारीत, वेळच्या वेळी एकेक जिन्नस टाकावा लागतो. तेथे बसलेल्या बायकांनी हंबीररावांना पाहून पदर तोंडाला लावले. (ते तिखटामुळे असावे, असे हंबीररावांनी ठरविले.) मिठाची वेळ आली. हंबीररावांनी कागद उघडून चष्म्यासमोर धरला आणि पिशवीत तो इतिहासप्रसिद्ध पंजा घातला.

"एक!"

ज्ञानूने मुठीकडे पाहिले. "दादा, मूठ हाय का खोरं?"

"दोन! मधी बोलू नकोस, मोजणी चुकतीया."

"अवो, जरा वैनींस्नी फोन लावा की. मला काय ह्यो हिशेब..."

"कागद असताना फोन कशाला? कागदात सोळा हाय. तीन!"

सोळा मुठी पडल्या. पिशवी रिकामी झाली, म्हणून शेवटच्या दोन मुठींसाठी समोरच्या दुकानातून दुसरी आणावी लागली. या गोष्टीचाही हंबीररावांना अर्थबोध झाला नाही; मीठ हल्ली कमी भरतात, एवढेच त्यांनी मनाशी नोंदविले.

घरी आल्यावर सामान्य माणसाने चटणीचे बोट जिभेला लावले असते. परंतु या चटणीची पहिली चव निशिगंधाताईंनी घ्यायची होती. नैवेद्य उष्टा कसा करायचा? हंबीररावांनी बरणीच्या तोंडाला फडके बांधले आणि तिला नमस्कार केला.

दोन मेला सकाळी दहा वाजता निशिगंधाताई आल्या. बरोबर कॅमेरा धरणारा, दिवे लावणारा आणि सूचना देणारी ती फोनवरची मुलगी. तालमीतली मंडळी, डंकावरच्या बायका आणि ज्ञानू असे सगळे दारात जमले होते. हंबीररावांनी मे महिन्यात लोकरीचा कोट घातला होता. ताई पडद्यावर दिसत त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. साधी सुती साडी, केसांत पांढऱ्या बटा. आणि चालण्यात असा काही ठामपणा की दारातली गर्दी कोणी न सांगता दुभंगली. त्यांनी वहाणा काढल्या, मोरीत जाऊन हात धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसल्या.

हंबीररावांनी दोन पानी मानपत्र काढले आणि ताईंचे चरित्र ताईंना वाचून दाखविले. जन्म, शाळा, डंक, खानावळ, पुणे, हाताखालचे अठरा पुरुष, काही राहिले नाही. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"काका," त्या म्हणाल्या, "ह्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. बसा आता. घाम लई आलाय तुम्हास्नी."

कॅमेरा सुरू झाला.

"मिरच्या कशा भाजता, काका?"

"मंद आचेवर," हंबीरराव म्हणाले. "प्रेमाने." (हे ताईंचेच वाक्य होते; वही क्रमांक चार.)

"देठं कवा काढता? भाजायच्या आधी, का भाजल्यावर?"

हंबीररावांनी छताकडे पाहिले. दोन्हींत धोका होता.

"मधी," ते म्हणाले.

दारातून ज्ञानूला एकाएकी खोकला आला. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बरणीचे फडके सोडले, वास घेतला आणि चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन जिभेच्या टोकाला लावली. मग डोळे मिटून घेतले.

त्या चटणीत इतके मीठ होते की दुसरा कोणी असता तर मोरीकडे धावला असता. ताईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्या एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तशा बसल्या होत्या. याच क्षणासाठी तर सारे केले होते. या तोंडून 'वा काका' एवढे दोन शब्द निघाले की जन्माचे सार्थक होते.

"ह्या चटणीत दोन हात हाईत," ताई डोळे न उघडता म्हणाल्या.

दारातल्या बायकांनी पदर पुन्हा तोंडाला लावले.

"मिरची भाजणारा हात बाईचा हाय. लई जुना हात. खोबरं आधी भाजून त्याच कढईत तीळ घेतल्यात, दुसरं तेल न घालता. कांदा उन्हात पुरता दोन दिवस वाळलाय. ह्या बाईला घाई ठाऊक न्हाय. आन् ही चटणी चाखायला ती घरात नव्हती." त्यांनी डोळे उघडले आणि प्रथमच हंबीररावांच्या हाताकडे पाहिले. "मीठ दुसऱ्या हातानं पडलंय. तालमीतल्या. मुठीनं मोजलंय नव्हं, काका?"

हंबीररावांच्या अंगावर, त्या लोकरी कोटाच्या आत, सर्रकन काटा आला. आपण खोटे ठरलो हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला; आधी त्यांच्या मनात आले ते हे, की काय बाई आहे ही!

"हे... हे कसं कळलं तुम्हाला?" त्यांनी हात जोडून विचारले.

"तुम्हीच आत्ता वाचलासा की. डंकावर बसायची म्हणून. आठ वर्षं बसले. दिवसाला तीस घरच्या चटण्या हाताखालनं जायच्या. आई म्हणायची, बोटाला लागलेलं पुसू नको, चाख. कुणाच्या घरी सासू हाय, कुणाच्या घरी नवी सून आलीया, कुणाच्या घरात भांडण झालंया, सगळं कळायचं. पुण्यात मग काय शिकले, नुसती नावं शिकले."

जे बारावे वर्ष हंबीरराव कट्ट्यावर कीव करून सांगत आले होते, सगळी विद्या त्यात होती! सात वह्यांत त्या आठ वर्षांना त्यांनी दीड ओळ दिली होती.

नेमक्या त्याच क्षणी गर्दीतून वाट काढीत अक्काताई आल्या. एका हातात जत्रेचे चुरमुरे, दुसऱ्या हातात पिशवी. त्यांनी दिवे पाहिले, कॅमेरा पाहिला, बरणी पाहिली. कोणालाही न विचारता बोट बुडवून चाखले.

"अगं आई गं! अवो, किती घातलंसा मीठ?"

"सोळा मुठी. कागदात हाय तसं."

"कुणाच्या मुठी?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

"माझ्या म्हनलंतं मी!"

"तसं लिवलेलं न्हाय," हंबीरराव म्हणाले. (हा मुद्दा बिनतोड होता. दुर्दैवाने तो कोणी विचारात घेतला नाही.)

निशिगंधाताई उठल्या आणि अक्काताईंच्या पाया पडल्या. मग त्यांनी तराजू मागविला. अक्काताईंची एक मूठ मीठ आणि हंबीररावांची एक मूठ मीठ कॅमेऱ्यासमोर तोलण्यात आली. एकाच्या जागी दोन, आणि वर थोडे लवंगेएवढे. दारातल्या सभेने टाळ्या वाजविल्या. टाळ्या नेमक्या कोणासाठी, हे न कळल्याने हंबीररावांनी मान किंचित लववून घेतली.

"मावशी, घाबरू नगा," ताई म्हणाल्या. "मीठ काढता येत न्हाई, पर जिन्नस वाढवता येत्यात. बाकीचं सगळं दुप्पट करायचं. मिरच्या आणखी चार किलो."

"आन् सगळं भाजायचं परत?"

"आपण दोघी भाजू. वाळलेला कांदा, मिरच्या पेठेत गच्चीगच्चीवर हाईत. हाय काय आन् न्हाय काय."

मग जे झाले ते शिवाजी पेठेने जन्मात पाहिले नव्हते. जिला पाहण्यासाठी लाखो लोक दुपारी जेवण थांबवितात ती बाई पदर खोचून अक्काताईंच्या शेजारी बसली आणि देठ काढू लागली. (आधी.) अक्काताई कांदा परतीत होत्या आणि ताई विचारीत होत्या, "मावशी, आत्ता उतरवला तो का? कशावरनं?" अक्काताई म्हणाल्या, "आवाज बदलला की त्याचा." ताईंनी कढईवर कान नेला, पुन्हा तो आवाज ऐकला, आणि कॅमेऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हे मला आज कळलं."

हंबीरराव कोपऱ्यात पाट मांडून हे पाहत होते. आपले दैवत शिष्येसारखे बसलेले, आणि जिच्यापुढे बसलेले ती बाई अडतीस वर्षे आपल्या घरात कुकरची शिट्टी दाबून धरीत आलेली. त्यांना कोणाकडे पाहून हात जोडावेत ते समजेना, म्हणून त्यांनी मधल्या कढईला जोडले.

दुपारी चार वाजता सारा लवाजमा ज्ञानूच्या डंकावर गेला. ताईंनी ज्ञानूला उठविले आणि त्याच्या जागी स्वतः बसल्या. मुसळे आदळू लागली. खाली येणाऱ्या प्रत्येक मुसळाच्या आणि वर जाणाऱ्या प्रत्येक मुसळाच्या मधल्या त्या निमिषात त्यांचा हात उखळात जाई, मसाला सारी आणि बाहेर येई. पाहणाऱ्याचा जीव टांगला जाई, त्या मात्र अक्काताईंशी जत्रेच्या गप्पा मारीत होत्या. कॅमेरा धरणारा मुलगा चित्रीकरण विसरून नुसताच पाहत राहिला, आणि ज्ञानू, जो कोणालाही चांगले म्हणत नसे, टोपी काढून म्हणाला, "बाई, हात दावा हो जरा. हाईत नव्हं समदी बोटं?"

हंबीरराव यावेळी गाठोडी वाहत होते. घर ते डंक अशा त्यांच्या अकरा खेपा झाल्या. कोट काढण्यास मात्र ते तयार नव्हते, कारण आपले चित्रीकरण अजून व्हायचे आहे, अशी त्यांची समजूत होती.

दोन वर्षांना पुरेल एवढी चटणी झाली. ताईंनी चाखली, अक्काताईंनी चाखली, दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलविली. जाताना ताईंनी एक डबा भरून मागून घेतला आणि हंबीररावांना म्हणाल्या, "काका, तुमचं काम लई मोलाचं झालं. तुम्ही नसता तर हा भाग झालाच नसता." हे वाक्य हंबीररावांनी पुढे महिनाभर कट्ट्यावर रोज सांगितले. त्याचा अर्थ काय, यावर तालमीत दोन पक्ष पडले होते. अब्रू गेली, की राहिली, याचा निकाल आता पडद्यावरच लागायचा होता.

तो दिवस शनिवारचा, एक जून. हंबीररावांनी दूरचित्रवाणीला हार घातला आणि सारी तालीम घरी बोलाविली. दीड वाजला. कार्यक्रमाचे नाव झळकले : 'अक्काताईंची मूठ'. अक्काताई बावीस मिनिटे पडद्यावर होत्या. त्यांचा कांदा होता, त्यांचा आवाज होता, डंकावरचे त्यांचे हसणे होते. मानपत्र नव्हते. कोट नव्हता. 'मधी' हे उत्तर सुद्धा कोणा दयाळू माणसाने कापले होते. अकराव्या मिनिटाला मात्र हंबीरराव एकदम उभे राहिले आणि ओरडले, "आलो! आलो!"

पडद्यावर एक मूठ दिसत होती. फक्त मूठ, मनगटापर्यंत, मिठाने भरलेली, नखे वाढलेली. तिच्यावर लाल फुली होती आणि खाली ठळक अक्षरे : 'ही मूठ घेऊ नये.'

सात सेकंद ती तशी राहिली आणि गेली. ज्ञानूने चुरमुऱ्यांत लक्ष घातले. इतक्यात फोन वाजला. बिद्रीहून अक्काताईंच्या आई, बायडाबाई, बोलत होत्या. अक्काताईंनी ऐकून घेतले आणि फोन तोंडापासून दूर धरला.

"आई म्हनती, तुम्हाला वळखलं तिनं."

हंबीररावांचा चेहरा उजळला. अजून कोणी तरी होते तर! "मुठीवरनं? कसं काय वळखलं म्हनं?"

"जावयानं लग्नात बी नखं काढली नव्हती म्हनती."